दहा हजार लिटरचा टँकर: तीन उन्हाळ्यांचा अनुभव

गेल्या तीन उन्हाळ्यांत आमच्या सोसायटीने एकाच माणसाकडून 47 टँकर मागवले. 46 आले. कुठल्याही धंद्यात हा हिशेब वाईट म्हणता येणार नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करते. नाव मात्र लिहीत नाही. उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात राहणाऱ्यांना कळायचं ते कळेल, आणि पुढे जिचा उल्लेख येईल त्या बाईला माझ्यामुळे त्रास व्हायला नको.

मी पर्वरीच्या पठारावर भाड्याने राहते. विधानसभा जवळ, उच्च न्यायालयही फार लांब नाही. पाण्यावर प्रश्न विचारणारे आणि पाण्यावर निकाल देणारे असे दोन्ही शेजारी लाभले, पण गच्चीवरची टाकी एप्रिल लागला की घुमायला लागते. कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. पीएचडी चालू आहे, विषय गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यात वाद असलेल्या म्हादई नदीच्या पाणीवाटपात 'न्याय' या शब्दाचा अर्थ कोण कसा लावतो हा. दिवसभर टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, विचार करायचा आणि संध्याकाळी बादल्या मोजायच्या, असं गेली तीन वर्षं चाललंय. त्यामुळे हा रिव्ह्यू लांबणार. ज्यांना फक्त मागवावा की नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी: मागवा, पण सम्पमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, काठी घालून मोजून घ्या.

आधी चांगलं सांगते. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला की पाच मिनिटांत उत्तर येतं. 'पाच वाजता' म्हटलं की पावणेसहापर्यंत गाडी फाटकात असते. मालकाला सगळे पात्रांव म्हणतात. पात्रांव फोन उचलतो, हे मला फार मोठं वाटतं. प्रबंधाच्या निमित्ताने मी ज्या ज्या खुर्च्यांना फोन केले, त्यांतली एकही इतक्या लवकर उचलत नाही. पैसे गुगल पे ने चालतात, पावती मागितली तर वहीतल्या कागदावर मिळते, तिच्यावर 'पाणी 1' एवढंच लिहिलेलं असतं.

गाडी निळी. बाजूला पांढऱ्या अक्षरात 'पिण्याचे पाणी'. त्या अक्षरांखाली आधीची अक्षरं पुसट दिसतात, ती 'बांधकाम' अशी वाचता येतात. वरच्या झाकणाचं रबर गेलंय, तिथे सायकलची ट्यूब गुंडाळली आहे. मागच्या व्हॉल्व्हला गळती आहे, त्यामुळे आमच्या गल्लीत कुणी टँकर मागवला ते रस्त्यावरच्या ओल्या रेघेवरून कळतं. ती रेघ बघून मला दर वेळी लहानपणचा पाट आठवतो. आमचं घर गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, म्हादईच्या काठी. कुळागराला, म्हणजे माड-पोफळीच्या बागेला, पाटाचं पाणी पाळीने यायचं, आणि पाळी चुकवून कुणी दगड सरकवला तर ओल्या मातीवरूनच चोर सापडायचा. आजी म्हणायची, पाणी चोरता येतं, ओल लपवता येत नाही.

आता मोजमाप. गाडी दहा हजार लिटरची, भाव 1,800 रुपये. आमचा सम्प आतून चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, म्हणजे 12 चौरस मीटर. दहा हजार लिटर पडले तर पाणी 83 सेंटिमीटर चढायला हवं. मी बांबूच्या काठीवर मार्करने खुणा केल्या आणि सलग सहा टँकर मोजले. कधी 73, कधी 75, बहुतेक वेळा 74. म्हणजे 8,880 लिटर. पात्रांवला सांगितलं तर म्हणाला, "टीचर, चढावावर पाणी सांडतं." सांडतं हे खरं, पण हजारभर लिटर सांडलं असतं तर आमच्या चढावावर भात लावता आला असता.

या हिशेबाने घनमीटरला सुमारे 203 रुपये पडतात. 2021 मध्ये राज्य सरकारने महिन्याला 16 घनमीटरपर्यंत नळाचं पाणी मोफत केलं, आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्टात, घरोघरी नळ पोचलेलं देशातलं पहिलं राज्य म्हणून गोव्याचा गौरव झाला. तेच 16 घनमीटर टँकरने घ्यायचे तर 3,240 रुपये. दोन्ही आकडे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवते. नळ पोचणं आणि पाणी पोचणं यात किती अंतर असतं ते मग वेगळं शिकवावं लागत नाही.

पाण्याचा दर्जा एका टँकरचा दुसऱ्याला जुळत नाही. माझ्याकडे टीडीएस मीटर आहे, बाजारात मिळतो तसला साधा. काही खेपांना 90 दाखवतो. हे आपल्या जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी, मऊ, किंचित आंबटपणाकडे झुकणारं, साबणाला भरपूर फेस. काही खेपांना 640. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला 500 ही पसंतीची मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. त्यामुळे 640 ने कुणी मरत नाही. पण चहा मचूळ होतो आणि डाळ शिजत नाही. शिवाय टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. जंतूंबद्दल तो मीटर काही बोलत नाही. त्यासाठी मी एच-टू-एस ची बाटली वापरते. तीत पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर मैल्यातले जंतू असण्याची शक्यता. पाच बाटल्यांपैकी दोन काळ्या पडल्या. टाकी आतून कधी धुता, असं विचारल्यावर ड्रायव्हर प्रामाणिकपणे म्हणाला, "पावसात." आम्ही उकळून पितो. तुम्हीही उकळा.

सोसायटीतल्या भांडणांचा दोष टँकरवाल्याच्या माथी मारता येणार नाही, पण अनुभवात तीही येतात. टँकरचे पैसे कसे वाटायचे? सेक्रेटरी, निवृत्त बँक मॅनेजर, म्हणाले फ्लॅटमागे सारखे. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी आणि पहिल्या मजल्यावरचं सात जणांचं कुटुंब, दोघांना सारखेच. मी बैठकीत विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीचं उदाहरण दिलं. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात त्यांनी पाणी जमिनीच्या मापाने न वाटता माणसांच्या मापाने वाटलं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस लावायचा नाही, आणि ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. शेवटच्या मुद्द्यावर बैठकीत कुजबुज झाली, कारण आम्हा भाडेकरूंना मत नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, हे पुरंदर नव्हे." ठराव फ्लॅटमागेच झाला. पर्यावरणीय न्यायाच्या अभ्यासात तीन गोष्टी वेगळ्या काढतात: वाटा कुणाला किती, निर्णयाला कोण बसलं, आणि कुणाला मुळात माणूस म्हणून मोजलं. मी पहिलीसाठी भांडत बसले आणि दुसरीत हरले.

जो टँकर आला नाही त्याचं आता सांगते. मेचा दुसरा आठवडा, आगाऊ पैसे दिलेले, दोन दिवस नळ कोरडा. गाडी आली नाही, फोनही लागला नाही. संध्याकाळी कळलं की ती किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात रिकामी झाली, तिथे दुप्पट भाव मिळाला. पैसे नऊ दिवसांनी परत आले, सॉरीसकट. त्या रात्री मी चिडून पात्रांवला म्हटलं, उद्या मला गाडीत बसायचंय, पाणी कुठून येतं आणि कुणाकुणाला जातं ते बघायचंय. मला वाटलं नाही म्हणेल. तो म्हणाला, "साडेपाचला या. चहा घेऊन या."

म्हणून हा रिव्ह्यू केबिनमधूनही आहे.

ड्रायव्हर कर्नाटकातल्या नरगुंदकडचा. कोंकणी बाजारापुरती, हिंदी त्याहून बरी, मराठी माझ्याशी बोलून बोलून आलेली. मी काय शिकते ते त्याने विचारलं, मी म्हादई म्हटलं आणि तो गप्प झाला. मग म्हणाला, 2015 च्या जुलैत, म्हादईचं पाणी मलप्रभा नदीत वळवावं म्हणून, आमच्या गावात शेतकरी धरण्याला बसले होते, वडील त्यात होते. त्याच म्हादईसाठी मी कॉलेजात असताना, पाणी वळवायला विरोध करणाऱ्या म्हादई बचाव अभियानाच्या सभांना जायचे. तो मलप्रभेच्या बाजूचा, मी मांडवीच्या (म्हादईचंच गोव्यातलं पुढचं नाव) बाजूची, आणि दोघांच्या मध्ये गिअरच्या दांड्याला लटकवलेला चहाचा थर्मास.

त्याची बहीण हुबळीत असते. सांगत होता, तिथे नळ आठ-आठ दिवसांनी येतो, घरभर पिंपं. म्हादईच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी दिलं, महाराष्ट्राला 1.33, गोव्याला 24. कर्नाटकाच्या वाट्यातलं 8.02 वीजनिर्मितीसाठी, दीड नदीच्या खोऱ्यातल्याच वापरासाठी, आणि खोऱ्याबाहेर नेता येणार ते कळसा आणि भंडुरा या म्हादईला मिळणाऱ्या दोन नाल्यांचं मिळून 3.9. ज्यावरून दोन राज्यं इतकी वर्षं कोर्टात आहेत ते मुख्यतः हे 3.9. आकडे मला तोंडपाठ आहेत. त्याने विचारलं, "टीचर, एक टीएमसी म्हणजे माझे किती टँकर?"

तीन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मार्गदर्शकांनीही नाही. फोनवर गुणाकार केला: 28 लाख 31 हजार. तो दिवसाला सहा खेपा करतो. भागाकार केला: 1,293 वर्षं, एकही सुट्टी न घेता. त्याने थोडा वेळ रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाला, "डिझेल कोण घालणार?"

पहिली खेप भाड्याच्या खोल्यांना होती, एका चाळवजा जागेत, जिथे बांधकामावरची माणसं राहतात. तिथे सम्प नाही, पिंपं लावलेली. दोनशे लिटरच्या पिंपाला 60 रुपये. म्हणजे घनमीटरला 300. जगभरच्या शहरांत गरीब माणूस पाण्याला जास्त मोजतो, हे मी निबंधांत वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. इथे ते एका बाईने ब्लाउजमधून काढलेल्या सहा दहाच्या नोटांत दिसलं. ती पिंपाच्या काठापर्यंत पाणी भरून घेत होती, ड्रायव्हर चार बोटं आधी नळी काढू बघत होता. बाई जिंकली. आम्हाला 203 आणि तिला 300 का, हे मी पात्रांवला नंतर विचारलं. "सुटे पैसे मोजायला वेळ जातो."

दुसरी भरणी बघायला गेलो ती विहीर एका भाटात, म्हणजे बागायतीत. माड, फणस, मधोमध जांभ्याची जुनी बांधीव बांय (विहीर), तिच्यावर पाच अश्वशक्तीचा पंप. टाकी भरायला 22 मिनिटं. विहिरीपासून दोनशे पावलांवर खाजनाचा, म्हणजे खारं पाणी अडवून केलेल्या खाडीकाठच्या शेताचा, बांध दिसत होता, आणि बांधात मानस. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी: मानस म्हणजे लाकडी दारांचं उंबरठ्यासारखं बांधकाम. भरतीला खाडीचं पाणी दारं आपोआप मिटवतं, ओहोटीला शेतातलं पाणी ती उघडतं. वीज नको, पहारेकरी नको. गांवकरीने, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक संस्थेने, शतकानुशतकं चालवलेलं पाणी-प्रशासन ते हेच. आज मानशीत मासे धरण्याचा लिलाव होतो, आणि माशांसाठी दारं भलत्या वेळी उघडी ठेवली की खारं पाणी शेतात शिरतं. मीटर 640 का दाखवतो हे मला तिथे उभं राहून कळलं. एका बाजूने खाडी आणि दुसऱ्या बाजूने पंप.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तो मान मिळवणारी ती पहिली बाई. त्यांचा पीएचडीचा प्रबंध, 1965 चा, लॉस एंजेलिसच्या किनारी भागातल्या भूजलावर होता. तिथेही सगळे पंप लावून उपसत होते आणि समुद्र जमिनीखालून आत येत होता. उपसणारेच एकत्र बसले, मोजमाप मान्य केलं आणि उपसा कमी केला. मी हे शिकवताना नेहमी 'अमेरिकेत' असं म्हणून सुटायचे. आता फणसाखाली उभी राहून विचार करत होते की इथे एकत्र कुणी बसायचं? पात्रांव, भाटाचा मालक म्हणजे भाटकार, हॉटेलवाला आणि आमचे सेक्रेटरी?

आणि कुंपणापलीकडची बाई. मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं घर, भाटातच. तिची विहीर लहान, आठ-नऊ हात खोल. ती आमच्याकडे बघत बादलीला दोर बांधत होती. मी ओळख सांगितली. तिने तक्रार अशी केली नाही, हवामान सांगावं तसं सांगितलं: "पंप सुरू जालो काय आमच्या बांयचें उदक सकयल वता." म्हणजे पंप सुरू झाला की आमच्या विहिरीचं पाणी खाली जातं. 1975 च्या मुंडकार कायद्याने तिला घरातून काढता येत नाही. घराखालचं पाणी मात्र शेजारच्या पंपाने काढता येतं. केरळात प्लाचिमडाच्या खटल्यात हाच प्रश्न होता, शीतपेयाच्या कारखान्याने गावचं भूजल उपसण्याचा. 2003 मध्ये एका न्यायमूर्तींनी भूजल लोकांचं, सरकार त्याचं विश्वस्त, असं म्हटलं. 2005 मध्ये त्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो निकाल फिरवला. मी यावर वीस पानं लिहिली आहेत. तिला त्यातलं एक वाक्य सांगावंसं वाटलं, पण सांगण्याजोगं सापडेना. मी तिची बादली ओढायला हात लावला, तिने नको म्हटलं.

परवान्याचं विचारलं. गोव्यात 2002 पासून भूजल नियमनाचा कायदा आहे, विहिरींची आणि बोअरची नोंद करावी लागते, टँकरने पाणी विकायला परवानगी लागते. पात्रांवने लगेच लॅमिनेट केलेला कागद दाखवला. कागद खरा होता. त्यावरचा गाडीचा नंबर दुसऱ्या गाडीचा होता. "ती विकली," तो म्हणाला, "कागद चांगला होता म्हणून ठेवला."

मग तरी मागवता का, असं मला एका सहकाऱ्याने विचारलं. हो, मागवते. सोसायटीत बारा बिऱ्हाडं आहेत, एक डायलिसिसचा रुग्ण आहे, मे महिन्यात तत्त्वाने भांडी घासता येत नाहीत. वेळ पाळण्याला मी पाच पैकी चार तारे देईन, मापाला दोन, पाण्याच्या दर्जाला अडीच आणि ड्रायव्हरला पाच. त्याने माझ्यासमोर कधी खोटं सांगितलं नाही. पात्रांवला तारे द्यायचे झाले तर आधी त्याला ज्यांनी एवढं गिऱ्हाईक मिळवून दिलं त्यांनाही द्यावे लागतील, आणि त्या यादीत आम्ही आहोतच.

मापाच्या भांडणानंतर एक फरक पडला. मी पात्रांवला लेखी कळवलं की पावतीवर लिटर आणि विहिरीचं गाव लिहा, नाहीतर सोसायटी दुसरीकडे बघेल. सेक्रेटरींनी त्यावर सही केली, हे विशेष. पावतीत काही बदललं नाही, अजून 'पाणी 1' च येतं. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लांबला तेव्हा, 48 वा टँकर मागवला आणि पहाटे ड्रायव्हरचा फोन आला. "टीचर, खाजनाकडची बांय की वरच्या डोंगराकडची? वरची लांब आहे, तीनशे जास्त."

मी डोंगराकडची म्हटलं. गाडी सात वाजता आली. मीटरने 84 दाखवलं, चहा चांगला झाला, आणि काठी घातली तर पाणी 74 सेंटिमीटरच चढलेलं. त्या विहिरीच्या शेजारी कोण राहतं, ते मी अजून जाऊन पाहिलेलं नाही.